अस्पष्ट वगळून

या सौद्यात फोटोवाल्यांना काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. खिडकीजवळचं टेबल, त्यावरचा मोठा पडदा, पाठीला सोसणारी घरातली एकुलती एक खुर्ची, आणि दुपारी चार तास कुणीही हाक न मारण्याची सोय. सत्तरीला टेकलेल्या माणसाची इस्टेट म्हणून हे फार नाही. पण त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, घर सोडेन, टेबल सोडणार नाही.

सौदा लेकीने पुढे केला. ती आपलं ऑफिसचं काम घेऊन माहेरीच राहायला येणार होती. एकदा येऊन खोलीत उभी राहिली, फीत लावून भिंती मोजल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, सरळ सांगते. ही सीड्यांची दोन कपाटं, ह्या चार डिस्क, तो कॅमेऱ्याच्या कार्डांचा डबा, सगळं मिळून एका डिस्कमध्ये बसवा. कपाटं हलली तर माझं टेबल त्या भिंतीला मावतं आणि तुमचं राहतं जिथल्या तिथे. नाही हलली, तर तुमचं टेबल गच्चीवरच्या खोलीत, आणि त्याच्या मागोमाग तुम्ही."

"किती दिवसांत?"

"महिनाअखेर."

"अगं, चौसष्ट हजार फोटो आहेत!"

"म्हणून तर महिनाअखेर. नाहीतर रविवारच म्हणणार होते."

लेक बापावरच गेली होती, त्यामुळे रागवायची सोय नव्हती.

चौकातला स्टुडिओ बंद करून फोटोवाल्यांना चार वर्षं झाली होती. लग्नं, शाळांचे वर्ग, दुकानांची उद्घाटनं, ओळखपत्रांचे चेहरे, असं बावीस वर्षांचं डिजिटल पीक त्या खोलीत भरून ठेवलेलं. फोटो नीट लावून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक पैसे द्यायला आलं तरी उपदेश घेऊनच जायचं. फोल्डरच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस. उलटी तारीख, सुलटा शोध. प्रत्येक फोटोला तारे द्या: पाच म्हणजे भिंतीवर, चार म्हणजे अल्बमात, तीन म्हणजे असू दे, दोन म्हणजे बघू, एक म्हणजे हात जोडून निरोप. आणि सगळ्यात लाडकं वचन: आधी चाळा, मग साठवा. कचऱ्याची दुसरी प्रत काढून ठेवणारा माणूस आयुष्यभर कचराच राखत बसतो.

पहिला आठवडा ते वचनाला जागले. एकेक फोटो उघडायचा, बघायचा, तारा द्यायचा. दिवसाला दोन हजार चेहरे. परक्यांच्या नवऱ्या मुली, परक्यांचे सासरे, रांगेत उभं करून 'हसा' म्हटल्यावर दात विचकणारी परक्यांची पोरं. संध्याकाळी जेवायला बसले की भाजीतसुद्धा कुणीतरी डोळे मिटलेलं दिसायचं. दुसऱ्या आठवड्यात उजव्या खांद्यात कळ भरली. तिसऱ्यात तारे देणारं बोट आणि बघणारा डोळा यांची फारकत झाली. बोट आपलं तीन, तीन, दोन, तीन करत चाललेलं, आणि डोळा खिडकीबाहेर समोरच्या घराच्या टाकीवरून पाणी सांडतंय तिकडे.

बायको चहा ठेवताना पडद्यात डोकवायची. "हे कोण?"

"कुणास ठाऊक. लग्न होतं कुणाचं तरी."

"मग कशाला ठेवलाय?"

"प्रकाश बघ ना खांद्यावरचा!"

"बघितला. चहा निवतोय."

तिला फोटोतलं काही कळत नाही हे घरात पहिल्यापासून ठरलेलं. बाहेरगावी गेलं की फोटोवाले दिवसभर फोटो काढायचे, आणि निघताना एकदा, तेही उपकार केल्यासारखा, कॅमेरा तिच्या हातात द्यायचे. "एक माझा काढ. श्वास रोखून धर." ती श्वास रोखायची, हात हलायचाच. फोटोवाले लगेच कॅमेरा काढून घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "झाला पुन्हा भूकंप!" लेक लहानपणी ह्यावर लोळून हसायची. बायकोही हसायची. आणि पुढच्या वेळी पुन्हा श्वास रोखायची.

मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा एकतीस हजार फोटो पाहायचे बाकी होते. त्या दुपारी फोटोवाल्यांनी आयुष्यात कधी न वापरलेली सोय वापरली. हललेले, धुरकट, नजर चुकलेले फोटो सॉफ्टवेअर आपणच वेगळे काढून देत असे. ह्याला ते एरवी आंधळ्याने वाट दाखवणं म्हणायचे. पण खांदा बोलत होता. त्यांनी चारही डिस्कना मिळून तीच चाळणी लावली. अकरा हजार निघाले. वरचे चाळीसेक बघितले: जमीन, छत, कुणाचा तरी अंगठा, धावत्या गाडीतून काढलेली झाडं. कचराच होता. सगळे निवडले, एकदा डोळे चोळले आणि काढून टाकले. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण अर्धं काम त्यांना कधी जमलं नाही. बावीस वर्षांत इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढे सगळं भराभर झालं. उरलेलं एका डिस्कमध्ये बसलं, त्याची दुसरी प्रत लेकीच्या ऑफिसात ठेवायला गेली. सीड्या मोडीत निघाल्या. जुन्या डिस्क कुणाला देण्याआधी त्यांनी तीन तीनदा पुसल्या; लोकांचे चेहरे आहेत, असे कसे देणार? लेक आली, रिकामी भिंत बघून म्हणाली, "मानलं बुवा. टेबल तुमचं."

दोन दिवसांनी दुपारी बायको नवा फोन घेऊन खोलीत आली. लेकीने घेऊन दिलेला.

"अहो, तुमचा फोन आला की ह्यात तुमचा फोटो दिसतो म्हणे. तो लावून द्या ना, झुलत्या पुलावरचा. मी काढलेला."

"त्यात काय, आत्ता देतो."

सॉफ्टवेअर चेहरे ओळखत असे. त्यांनी आपला चेहरा शोधायला सांगितला. नऊ फोटो आले. नऊच्या नऊ ओळखपत्राचे, स्टुडिओत स्वतःच टायमर लावून काढलेले, कानाला कान समान.

"हा घे. बघ किती स्वच्छ आलाय."

"हा चौकीत चिकटवतात तसला आहे. पुलावरचा द्या."

त्यांनी साल शोधलं, महिना शोधला. पूल होता, दोन्ही टोकांनी, पाच ताऱ्यांचा. पुलावर माणूस नव्हता. मग कडेला शब्दांची यादी होती तिथे त्यांची नजर गेली. फोटोंना खुणेचे शब्द चिकटवून ठेवायची त्यांना जुनी खोड. त्या यादीत बायकोने काढलेल्या फोटोंचा 'भूकंप' होता. पुढे आकडा होता: शून्य.

त्यांचे कान तापले. "ती डिस्क खराब झाली बहुतेक," ते म्हणाले.

"चारांतली नेमकी माझीच?"

त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"हललेले सगळे काढले मी," फोटोवाले म्हणाले. "बघितलं नाही. दमलो होतो."

"किती होते?"

हे त्यांना ठाऊक होतं, यादीतला तो आकडा वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होता, हीच तर पंचाईत. "दोनशे चौदा."

"बाई गं, एवढे काढले मी?" ती खरंच चकित झाली. "पण मग गेले ते बरंच. कुठे नीट होते! पुलावरच्यात तर तुम्हाला नाकच नव्हतं. हसताना मात्र दिसत होतात."

फोटोवाले घाईने उठले, कपाटातून कॅमेरा काढला, पट्टा तिच्या पुढे धरला. "आत्ता काढ. उजेड चांगला आहे. हलू दे हात, हलला तर हलला."

तिने कॅमेरा घेतला नाही. साडीच्या पदराने फोनची काच पुसली.

"नको," ती म्हणाली. "मी काढला की तुम्ही लगेच बघणार."

आणि चहाचा कप उचलून आत गेली.

आता फोटोवाल्यांचा फोन आला की तिच्या काचेवर एक करडं वर्तुळ दिसतं. ती तेवढ्यानेही ओळखते. सौद्याचं म्हणाल तर दोन्ही पक्ष शब्दाला जागले. लेकीला भिंत मिळाली, फोटोवाल्यांना टेबल, खिडकी आणि खुर्ची; त्रेपन्न हजार परके, एकूण एक स्पष्ट, आपापल्या तारखेला नीट बसले. किंमत पडली दोनशे चौदा फोटोंची. ती ज्या बाईने मोजली, तिला सौदा ठरताना कुणी खोलीत बोलावलंही नव्हतं.