मधलं दार

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक दार होतं, आणि टेलरबाईंचा सगळा संसार त्या दारातून ये-जा करायचा. पुढे शिलाईचं दुकान, मागे राहायची एकच खोली. त्यांचे यजमान नावाजलेले गवंडी, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून रोज सकाळी बाई त्यांची चाकांची खुर्ची मधल्या दारातून पुढे दुकानात आणायच्या. रस्त्याकडे तोंड करून मिस्त्री बटणं लावायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खोड्या काढायचे. "बायको मापं काढते, मी उणीदुणी काढतो," म्हणायचे. एकदा हळूच म्हणाले होते, "इथे असतो तेवढा वेळ मी माणूस. आत गेलो की सामान."

मग नोटीस आली. कराचे नियम बदलले म्हणे! ज्या दुकानातून आत घरात दार उघडतं, ती सगळी जागा दुकानच धरायची आणि चौपट कर लावायचा. नको असेल तर महिनाअखेरच्या आत दार विटांनी बुजवा आणि तसा दाखला घ्या. म्हणजे बाई ज्या खाटेवर पाठ टेकतात, तिच्यावरही दुकानाचा कर. वा रे न्याय! मोठ्या शोरूमवाल्यांनी वकील लावून वाट काढली, बाईंच्या वाट्याला भिंत आली.

बाईंनी कचेरीत तीन खेपा घातल्या. खिडकीतला चष्मेवाला कारकून तसा वाईट माणूस नव्हता.

"साहेब, माझे यजमान खुर्चीवर असतात हो. त्या दारातूनच त्यांना पुढे आणते मी."

"बाई, फॉर्मात दोनच चौकोन आहेत. दार आहे, नाहीतर दार नाही. तुमचे यजमान मी कुठे लिहू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. कर भरावा तर सहा महिन्यांत दुकानाला टाळं, आणि दुकान गेलं तर खायचं काय? बाई घरी येऊन डोकं धरून बसल्या.

"एवढं काय त्यात? टाक बुजवून," मिस्त्री म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मागच्या दाराने काढ, बोळातून वळसा घाल आणि आण पुढे. तेवढीच हवा लागेल मला."

इतक्या सहज बोलले की बाईंच्या छातीवरचा दगडच उतरला. त्या लगेच बोळातून चालून आल्या. एकशे वीस पावलं भरली. "रोज मिरवणूकच काढते तुमची," असं म्हणून कितीतरी दिवसांनी हसल्याही.

भिंत बांधायला मिस्त्रींचा जुना जोडीदार आला. विटेला हात लावण्याआधी मिस्त्रींनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो टेप घेऊन मागच्या दारापाशी गेला आणि परत आला तो तोंड पाडून. "मिस्त्री, ऐका माझं..." असं काहीसं म्हणाला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "बांध." रेती आत आणायला दार मोजलं असेल, असं बाईंना वाटलं. मग दिवसभर मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "ओळंबा लाव रे! भिंत बांधतोयस की कमरेत वाकलेली म्हातारी?" जोडीदार मात्र हसला नाही. चहा न घेताच गेला. जाताना "येतो वहिनी" म्हणाला, तेही जमिनीकडे बघून.

ओली भिंत वाळेपर्यंत दुकान बंदच ठेवलं. चौथ्या दिवशी कारकून आला, भिंतीवर टकटक केली, दाखला देऊन गेला. सुटलो बाई एकदाचे, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मिस्त्रींना इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि खुर्ची मागच्या दाराकडे ढकलली. खुर्ची अडली. मागे घेऊन पुन्हा ढकलली, पुन्हा अडली. बाईंनी गळ्यातली टेप काढली. चौकट चोवीस इंच, न मिटणारी खुर्ची सव्वीस. जन्म लोकांची मापं काढण्यात गेला, नुसतं बघून कंबर सांगणारी बाई, आणि घरातल्या खुर्चीला कधी टेप लावली नव्हती. लावणार तरी कशाला? खुर्ची घरात आली तीसुद्धा दुकानातूनच.

"चौकट काढून दार रुंद करू," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"एका अंगाला खांब, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा जिना. खांबाला हात लावलास तर वरचे दोन मजले खाली येतील."

उत्तर तयारच होतं. बाईंनी टेप खाली ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं."

"गवंडी आहे मी. पुरता ठाऊक होता आकडा, तरी त्याच्याकडून मोजून घेतला."

"मग तोंडाला कुलूप का लावलंत?"

"बोललो असतो, तर तू विटा आणू दिल्या असत्यास?"

बाईंनी कोपऱ्यातला त्यांचाच हातोडा उचलला. राग आणि रडू एकदमच आलं. "फोडते! आत्ताच्या आत्ता फोडते मेलीला! गेला खड्ड्यात त्यांचा दाखला!"

"फोड की. दंड बसेल, मशीन विकावं लागेल. मग दोघं मिळून या खोलीत बसू." मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच हलला. "एकाने तरी बाहेर असावं गं."

भिंतीपलीकडे कुणीतरी दुकानाचं शटर वाजवत होतं. "बाई! अहो बाई, आहात का?" हाक अगदी लांबून आल्यासारखी वाटत होती.

"जा. गिऱ्हाईक जाईल."

बाईंनी हातोडा खाली ठेवला. "खुर्ची कुठे लावू?" त्यांनी विचारलं. खोलीला एकच झरोका, तोही छताजवळ.

"भिंतीला."

"तिथे काय आहे बघायला?"

"तुझं मशीन ऐकू येईल."

एकशे वीस पावलं बाई धावतच गेल्या. शटर वर केलं, गिऱ्हाइकाला बसासुद्धा म्हणाल्या नाहीत. उजेडातलं मशीन फरफटत मागे नेलं, नव्या भिंतीला खेटून लावलं आणि रस्त्याकडे पाठ करून पायडल मारायला लागल्या. डोळ्यांतून धार लागली होती, ती पुसलीही नाही.

गिऱ्हाईक बाई गोंधळून जवळ आल्या. "अहो, मशीन रिकामंच चालवताय तुम्ही. कापड कुठाय?"

"असू दे," टेलरबाई म्हणाल्या. "ते ऐकताहेत."