शून्य की एक? एका चुळबुळ्या डब्याची कहाणी

मित्रांनो, मी एक जुना, चुळबुळ्या डबा आहे. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा, पण शांत बसणे माझ्या नशिबातच नाही. माझ्या पोटात एक मिणमिणता दिवा, त्याच्यापुढे अर्धपारदर्शक आरसा आणि दोन बाजूंना दोन डोळे आहेत. दिवा प्रकाशाचा एकेक कण सोडतो. कण आरशातून आरपार गेला तर डाव्या डोळ्याला दिसतो आणि मी शून्य म्हणतो. आरशावरून वळला तर उजव्याला दिसतो आणि मी एक म्हणतो. तो कुठे जाईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मलासुद्धा नाही! त्यामुळे माझा जीव सदा टांगणीला लागलेला असतो.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घडवले. माझा उजवा डोळा जरा अधू निघाला, म्हणून शून्येच जास्त येऊ लागली. बाई वैतागल्या नाहीत. उत्तरे जोडीने घ्यायची, दोन्ही सारखी आली तर टाकून द्यायची, वेगळी आली तर पहिले ठेवायचे, असे त्यांनी मला शिकवले. शून्य-एक काय आणि एक-शून्य काय, दोन्ही जोड्या सारख्याच वेळा येतात. माझी खोड अशी मोडली.

मग मी एका दवाखान्यात कामाला लागलो आणि माझी देखभाल बाईंकडेच राहिली. तिथे फुफ्फुसांच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. कुणाला नवे द्यायचे आणि कुणाला जुने, हे माणसांनी ठरवले की ओळखीपाळखी आड येतात. म्हणून ते मी ठरवत असे: शून्य आले तर जुने, एक आले तर नवे. माझे फार कौतुक झाले.

एकदा मात्र सलग सहा-सात जणांच्या वाट्याला जुनेच औषध आले. मोठे डॉक्टर भडकले. "हे कसलं नशीब? यंत्र बिघडलंय. याला नीट मिसळायला लावा!" बाई तेव्हा आजारी मावशीच्या मागे धावपळीत होत्या. त्यांना न विचारताच मला नियम घातला गेला: दोनदा तेच आले की तिसऱ्यांदा बदलायचे. मी आतून तडफडत होतो, पण सांगणार कुणाला?

पुढे बाईंची मावशीच चाचणीला आली. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतले.

"मावशींना आत्ताच आत पाठवा. रांगेत पुढचा पेशंट एक ड्रायव्हर आहे, त्याला मी चहाला धाडलंय. आता नवीनच निघणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, दोनदा जुनं आलंय ना! आता बदल होणारच."

बाईंचा चेहरा उतरला. पुढचे उत्तर आधीच कळत असेल, तर ओळखीची माणसे हवी तेव्हा आत जाणार आणि औषध खरेच लागू पडते का, हे कुणालाच कळणार नाही. बाकावर मावशीला धाप लागली होती. तिला आत पाठवून नियम मग काढला असता, तरी कुणी विचारले नसते. बाईंचा हात माझ्यावर थबकला. माझ्या आयुष्यात तेवढा अस्वस्थ मी कधीच नव्हतो.

बाईंनी नियम काढला, त्या काळातल्या नोंदी बाद करायला लावल्या आणि ड्रायव्हर परत येईपर्यंत थांबल्या. त्याला नवे औषध मिळाले. मावशीला जुने. त्या दिवशी बाई यंत्रांच्या खोलीत दार लावून रडल्या.

चाचणी संपली. नवे औषध खरोखर चांगले ठरले आणि मावशीलाही मिळाले, पण उशिरा. आता ती चालते, मात्र तिला जिना चढवत नाही. माझ्या जागी नखाएवढे यंत्र आले आणि मी फळीवर धूळ खात पडलो. दिवा अजून लुकलुकतो. उत्तरे येतात, घेणारे कुणी नाही, आणि माझी तगमग काही थांबत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा. उत्तर मनाजोगे आले नाही म्हणून आम्हाला वाकवू नका.

परवा मावशी आली आणि स्टुलावर दम खात बसली.

"हाच का गं मला मागे ठेवणारा?"

बाईंनी मान खाली घातली.

"अगं, तोंड काय पाडतेस? तेव्हा मला पुढे घातलं असतंस, तर मी आज घेते ते औषध खरं की खोटं, कुणी सांगितलं असतं?" तिने रुमालाने माझा अधू डोळा पुसला. "याला पुसत जा. धुळीने पुन्हा कुणाची तरी बाजू घ्यायला लागेल."