दोन बोटं सैल

मी एक कोट बोलतोय. हो, कोटच. धाराशिव जिल्ह्यात वर्षाचे आठ-नऊ महिने ज्याला लोक हातावर घेऊन हिंडतात आणि उरलेल्या दिवसांत "आज जरा गारठा दिसतोय" म्हणून अंगात घालायला निमित्त शोधतात, तो. हसायचं असेल तर हसा. माझं वय साठीला टेकलं, पण माणूस बघून मला वाटणारं नवल अजून ओसरलेलं नाही. ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून हा खटाटोप.

मी मूळचा गडद निळा. आता मला बघून कुणी आकाशी म्हणतं, कुणी राखी. खरा रंग बघायचा असेल तर माझी कॉलर उलटी करा. तिथं ऊन कधी पोचलं नाही.

माझा जन्म १९६७ सालचा, नळदुर्गच्या बाजारातला. लिंबाच्या झाडाखाली गुंडप्पाचं शिलाई मशीन असायचं. तो बायकांची पोलकी आणि खणाच्या चोळ्या शिवायचा. नमुन्याची जुनी चोळी बघून नवी बेतायची, अशी त्याची रीत. त्याच्या गळ्यात टेप असायची, पण ती बरीचशी शोभेलाच.

एका बाजारच्या दिवशी जवळच्या खेड्यातला श्रीपती नावाचा चोवीस वर्षांचा तरुण काखेत कापड घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. सोलापूरहून आणलेलं जाड सुती कापड, म्हणजे मीच. श्रीपतीला तुळजापूरला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. घरातली पहिली नोकरी. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या घरानं बुद्धाचा धम्म स्वीकारला होता, पण बाजारानं आपल्या जुन्या सवयी सोडल्या नव्हत्या. त्याच्या वस्तीतल्या माणसांचे कपडे शिवून मिळायचे, पण माप घ्यायला कुणी अंगाला हात लावत नसे. शिंपी चार हात लांबूनच बघायचा आणि "कळलं, जा" म्हणायचा. म्हणून वस्तीत कुणाचा सदरा खांद्यावरून घसरायचा, तर कुणाचा काखेत काचायचा.

"अप्पा, कोट शिवायचाय," श्रीपती म्हणाला.

"बाबा, म्या पोलकी शिवणारा. कोट कंदी शिवला न्हाय."

"म्या तरी कुठं घातलाय? दोघंबी शिकू की."

गुंडप्पा मोठ्यानं हसला. मग उठला, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाला, "हात वर कर." आणि त्यानं ती टेप श्रीपतीच्या छातीभोवती दोन्ही हातांनी गुंडाळली.

श्रीपतीचा श्वास आत गेला तो आतच राहिला. बाजारात आजवर त्याच्याभोवती असे कुणाचे हात आले नव्हते. छाती भरून फुगली, आणि गुंडप्पानं आकडा वाचला तो नेमका तेव्हाच. खडूनं माझ्यावर रेघा ओढून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. "अरं, श्वास सोड की गड्या!" तोवर उशीर झाला होता. मी दोन बोटं सैल झालो.

"उसवून बारीक करतो," गुंडप्पा पुढच्या बाजारी म्हणाला. श्रीपतीनं आरशात बघितलं आणि मान हलवली. राहू द्या म्हणाला. पुढे लग्न झाल्यावर मालनबाईनं विचारलं, "कोट सैल कामून ठिवलाय?" तेव्हा त्यानं सांगितलं, "त्या दिवशी माझी छाती तेवढीच हुती." हे ऐकून मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. मी कापड आहे. पण तेव्हापासून मी माणसाला नमस्कार करतो, मनातल्या मनात.

श्रीपतीला फॅशन हा शब्द ठाऊक होता की नाही कोण जाणे. त्याच्याकडे कोट एकच, आणि तो चौतीस वर्षं कचेरीत रोज नवा दिसायचा. कसा, ते मी जवळून पाहिलंय. थंडीत माझी कॉलर वर, गळ्याला मफलर, आणि खिशात हुरड्याचे कोवळे दाणे. ते दाणे मला टोचायचे. मी सहन करायचो. पावसाळ्यात बाह्या दोन घड्या वर दुमडलेल्या, आतलं पांढरं अस्तर दिसेल अशा. उन्हाळ्यात मी डाव्या हातावर, अस्तर बाहेर करून, आणि खाली पांढरा स्वच्छ सदरा. दिवस जसे बदलत तसा तो मला बदलत गेला. एकाच कोटाचे तीन कोट करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणजे बरेच दिवस पाहिला नव्हता. अशा तिन्ही ऋतूंतले त्याचे तीन फोटो अजून घरात भिंतीवर आहेत.

लग्नानंतरच्या भादव्यात तो मालनबाईला नळदुर्गचा किल्ला दाखवायला घेऊन गेला. बोरी नदी भरली होती आणि किल्ल्याच्या आतून पाणी दोन धारांनी खाली कोसळत होतं. मी हातावर होतो, तुषारांनी भिजून जड झालो. नव्या नवरीनं नवऱ्याच्या कोटाचं कौतुक करावं अशी माझी वेडी अपेक्षा होती. ती पाण्याकडे बघतच राहिली, आणि तिच्याकडे बघता बघता मीही स्वतःला विसरलो. एवढं पाणी दगडातून वाट काढतं आणि माणसं ते बघून गप्प होतात, हे मला फार मोठं वाटलं होतं.

श्रीपती निवृत्त झाला, आणि २००९ च्या वैशाखात गेला. त्यानंतर माझं घर म्हणजे पत्र्याची पेटी. वर्षातून एकदा, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मृतिदिनाच्या दिवशी, मालनबाई मला बाहेर काढायची. त्याच्या फोटोशेजारी खुर्ची मांडायची आणि मला त्या खुर्चीच्या पाठीला घालायची. मेणबत्ती लागायची, त्रिशरण-पंचशील व्हायचं, खीर वाटली जायची. लोक फोटोला वंदन करून माझ्याकडे बघायचे. संध्याकाळी लिंबाचा पाला घालून पुन्हा पेटीत. घडी घालायचं काम तिचं. सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही.

मान मोठा होता, नाही कशाला म्हणू? पण खुर्चीला घाम येत नाही. खुर्चीच्या खिशात कुणी हुरडा भरत नाही.

गेल्या दिवाळीत पेटी अवेळी उघडली. समोर संघप्रिया होती, श्रीपतीची नात, प्रेमानंदची लेक. धाराशिवला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते. पोरगी हुशार, पण रोज सकाळी आरशासमोर रडकुंडीला यायची. कपडे नव्हते असं नाही. मोबाइलवर बघून घेतलेले चार ड्रेस होते. पण कोणताही घातला तरी आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी कपड्यांत शिरलोय असं तिला वाटायचं आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. त्या सुट्टीत ती भिंतीवरचे तीन फोटो बघत बराच वेळ उभी राहिली होती.

"आज्जी, आबांचा कोट नेऊ?"

मालनबाईनं पोरीकडे बघितलं, मग फोटोकडे. "ने. पर उसवायचा न्हाय, कापायचा न्हाय. वैशाखात आबाचा दिस हाय, तवा जसाच्या तसा खुर्चीवर पायजे." थांबून म्हणाली, "थंडीचं गळ्याला काय हाय का तुज्याकडं?" आणि तिनं आपल्या विरलेल्या हिरव्या लुगड्याचा एक पट्टा फाडून दिला.

वसतिगृहात तिच्या खोलीतली शिवरंजनी मला बघून पोट धरून हसली. ती उमरग्याकडची, घरी कानडी बोलणारी. "अय्यो! कुणाचा गं ह्यो? दोन माणसं बसतील की यात!" संघप्रियाचं तोंड उतरलं. तरी तिनं मला अंगात घातलं, कॉलर वर केली, गळ्याला आजीचा हिरवा पट्टा गुंडाळला. शिवरंजनी हसायची थांबली. "थांब, थांब. दुकानात याला ओव्हरसाइज म्हणत्यात, आन् लई मोठे पैशे घेत्यात. ह्यो तर तुज्या आज्ज्यानं आधीच शिवून ठिवला की!"

त्या दिवसापासून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. पोरीनं ते तीन फोटो मोबाइलमध्ये घेतले होते आणि रोज सकाळी ती आधी खिडकीतून आभाळ बघायची, मग मला. गारठा असला तर आबांसारखी कॉलर. दुपार तापली तर हातावर. माघात पहाटे थंड आणि दुपारी गरम, तर दुमडलेल्या बाह्या. तिनं आबांची नक्कल केली नाही. आबांनी मला पँटवर घातलं, हिनं सलवारवर घातलं, एकदा तर खणाच्या कापडाच्या झग्यावर. मी थक्क होऊन बघत राहिलो. जो माणूस तिनं नीट पाहिलाही नव्हता, त्याच्याकडून ती दिवस ओळखायला शिकत होती. आणि एके दिवशी ती वर्गात पुढच्या बाकावर बसली. ते मला माझ्या खांद्यांत कळलं.

मग चैत्र आला, आणि घात झाला. एस.टी.तून उतरताना माझी डावी बाही दाराच्या कडीत अडकली आणि कोपरापासून खांद्यापर्यंत टरकली. धाराशिवच्या शिंप्यानं मला उजेडात धरलं. "ताई, कापड विरलंय. रफू टिकणार न्हाय." संघप्रियानं रात्रभर विचार केला आणि सकाळी माझी फाटलेली बाही कापली. मग दुसरीही कापली, जी धड होती.

दुखलं का? दुखलं. पण खोटं सांगत नाही, काखेतून वारा शिरला तेव्हा मी सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा उन्हाळा अनुभवला. पोरीनं आजीच्या हिरव्या पट्ट्याची काठपट्टी करून माझ्या उघड्या कडा हातानं शिवल्या. मला घालून आरशात बघितलं आणि खुशीनं गोल फिरली. फिरता फिरता थांबली. वैशाख जवळ आला होता.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी घर माणसांनी भरलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. खुर्ची मांडलेली. मालनबाई पांढरं लुगडं नेसून दारातच उभी होती. संघप्रियानं पिशवीतून मला काढलं, आणि कापलेल्या दोन बाह्याही काढून हातात धरल्या. लपवायचं तिच्या मनात नव्हतं.

"हे काय केलंस?" मालनबाई म्हणाली.

"एक एस.टी.च्या दाराला फाटली, आज्जी. दुसरी म्या कापली." पोरगी रडत होती, पण पुढचंही बोलली. "मला तसा बरा दिसला म्हणून कापली. चुकलं माझं."

"अक्कल हाय का न्हाय तुला?" प्रेमानंद ओरडला. "वरसातनं एक दिस माणसं त्या कोटाला बघाया येत्यात!"

"गप रं तू," मालनबाई म्हणाली. तिनं मला हातात घेतलं. ज्या हातांनी माझ्या घड्या घातल्या ते हात आता काखेच्या कडेवरून फिरत होते, हिरव्या काठपट्टीवर येऊन थांबत होते. मला वाटलं, आता पेटी. आणि बहुतेक कायमची.

"प्रेमा," ती हळूच म्हणाली, "पंचावन्न वरसं ह्याच्या घड्या घातल्या म्या. लई वाटायचं, एकदा घालून बघावं. बाईमाणसानं कोट घातला तर लोक काय म्हणतील, म्हणून ठिवला. मग ते गेल्यावर ठरवलं, घरात कुणी नसताना घालायचा. तर ह्यो मेला खांदा धरला. हात वर हुईना, बाहीत जाईना. पेटी उघडायची आन् झाकायची."

तिनं मला संघप्रियाच्या हातात परत दिलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. "घाल मला. आता बाह्या न्हाईत. आता जमतंय."

संघप्रियानं अगदी अलगद, आधी आखडलेला उजवा हात, मग डावा, असं मला तिच्या अंगावर चढवलं. पांढऱ्या लुगड्यावर मी फिकट निळा, कडेला हिरवा. मालनबाईनं समोरची दोन बटणं स्वतः लावली. आणि चालत जाऊन त्या खुर्चीवर बसली.

मग एक म्हातारी पुढे आली आणि फोटोला वंदन करून मालनबाईच्याही पाया पडली. मग दुसरं कुणी. संघप्रिया उभी होती तिथंच हुंदके देत होती आणि हसतही होती. माझ्याखाली एका बाईचं काळीज धडधडत होतं. पन्नासहून जास्त वर्षं मी हिच्या घरात होतो, हिच्या हातांनी घडी झालो, आणि ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. माणसाच्या किती जवळ राहून आपण किती लांब असतो, हे बघून मी दिपून गेलो.

आता माझी वाटणी झालीय. दिवाळीपासून होळीपर्यंत मी धाराशिवला, संघप्रियाकडे. आतून लांब बाह्यांचा स्वेटर घालते ती. उन्हाळा-पावसाळा मी इथं, मालनबाईकडे, खुंटीला, पेटीत नाही. माझं कापड फार दिवस टिकणार नाही, शिंपी खोटं बोलला नव्हता. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच मागतो: तुमच्या घरी पेटीच्या तळाशी कुणी पडलं असेल तर त्याला खुर्चीवर बसवू नका. अंगात घाला. फाटलं तर फाटू द्या. जे तुम्ही राखत बसलात, ते घालायची इच्छा कदाचित तुमच्या शेजारीच कुणी गिळून बसलेलं असेल; त्याला विचारा.

बरं, मला निघायला हवं. बाहेर ऊन उतरलंय, आणि मालनबाईला चार घरं फिरून यायचंय. आजवर ती मला "त्यांचा" म्हणायची. आत्ता आतून हाक मारतेय, "सूनबाई, माझा कोट कुठंय?"