आसनाची उंची

माझा मुलगा स्वरूप ड्रम वाजवीत असे. एका अंगास कर्ली खाडी व दुसऱ्या अंगास समुद्र अशा देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर, एका होडीवाल्याच्या घरात हे वाद्य कसे आले, असे पुष्कळांनी मला विचारले आहे. ते त्याने हौसेने आणले, याहून अधिक मला सांगता येत नाही. पर्यटकांकरिता बांधलेली मागल्या दारची खोली त्याने त्या वाद्यास दिली, आणि आमच्याकडे उतरणारे पर्यटक हळूहळू शेजाऱ्यांकडे उतरू लागले.

माझी पत्नी यशोदा प्रारंभी त्याला म्हणे, "मेल्या, तुज्या ह्या धडधडीन चुलीवरची कढी आपोआप ढवळता रे."

तो हसून म्हणे, "मगे बरा आसा ना, आये. तुजे हात दुखूचे नाय."

त्या वाद्यात एक मोठा ड्रम जमिनीवर आडवा ठेवलेला असतो व तो पायाने वाजवावयाचा असतो. बहुतेक वादक त्यासाठी एकच पाय वापरतात. स्वरूप दोन्ही पाय वापरी. दोन पायांखाली दोन पेडल, दोन पेडलांना दोन हातोड्या, आणि उजवा-डावा, उजवा-डावा असे ठोके इतक्या त्वरेने पडत की माझ्या होडीचे इंजिन खोलीतच सुरू झाले आहे असा भास होई. मालवण-कुडाळकडील चार मुलांचा त्याचा बँड होता. त्या बँडकरिता त्याने स्वतः एक गाणे रचले होते. त्याच्या मध्यभागी सर्व वाद्ये थांबत, गाणाराही थांबे, आणि केवळ स्वरूपचे दोन पाय बोलत राहत.

गेल्या आषाढात तो मसुऱ्यास मामाच्या शेतावर लावणीसाठी गेला व ताप घेऊन परत आला. तो ताप लेप्टोचा, शेतातल्या साचलेल्या पाण्यातून लागणाऱ्या रोगाचा, ठरला. त्यापुढचे लिहिण्याचा यत्न मी केला होता, परंतु ते मजकडून होत नाही. तो चोवीस वर्षांचा होता.

दिवसकार्य आटोपल्यावर यशोदेने त्याचे कपडे वाटून टाकले. परंतु ड्रमच्या खोलीतील काहीही तिने हलवू दिले नाही. विशेषतः ते गोल आसन, ज्याला ती मुले स्टूल म्हणत. त्याची लोखंडी दांडी खालच्या नळीत वर-खाली सरकते व एका पेचाने आवळून ठेवता येते. स्वरूप उंच होता, आमच्या घराण्यात इतके उंच कोणी झाले नाही, आणि ते आसन त्याने आपल्या गुडघ्यांच्या मापाने आवळून ठेवले होते. यशोदा खोली झाडावयास जाई तेव्हा त्या आसनाभोवती केरसुणी अशी फिरवी, जणू तिथे कोणी बसलेले आहे.

संचिता ही आमची धाकटी. भावाच्या पाठीमागे उभी राहून ती ड्रम शिकली होती, हात तिचे चांगले चालत. मार्गशीर्षात एके दिवशी ती त्या आसनावर जाऊन बसली आणि वाजवू लागली. यशोदा स्वयंपाकघरातून धावत आली व दाराशी उभी राहिली. तिने मनाई केली नाही. बराच वेळ डोळे मिटून ती ऐकत राहिली आणि मग निघून गेली.

पुढे बँडमधला गिटारवाला सुशांत आमच्याकडे आला. तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटन हंगामाचा एक कार्यक्रम ठरला होता आणि त्यात स्वरूपचे गाणे वाजवावे अशी त्या मुलांची इच्छा होती. संचिता म्हणाली, "मी वाजवतंय." सुशांतने ते मान्य केले, पण मधला पायांचा भाग ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर चिंता दिसली. उजवा पाय ठीक चाले. डावा मागे राही, आणि वेग वाढला की दोन्ही एकमेकांवर पडत.

"अगो संचिता," सुशांत म्हणाला, "तुजो उजवो पाय गोयाक पोचलो, आणि डावो अजून कुडाळाक क्रॉसिंगेक उभो आसा."

"गप रव रे. तुज्या गिटारीची तार कालपासून बेसूर आसा, ती बघ आदी."

असे ते थट्टेवारीने बोलले खरे, परंतु निघताना सुशांत मला अंगणात भेटून हळूच म्हणाला, "काका, पाय जमले नाय तर गोयचो एक ड्रमवालो आसा, तेका बोलावचो लागतलो. स्वरूपचा गाणा पडाक देवन चलाचा नाय."

माझ्या मुलाचे पाय परक्याने वाजवावेत, ही कल्पना मला सहन झाली नाही. मी शिकलेला नाही, संगीत तर मुळीच जाणत नाही. परंतु तोल म्हणजे काय हे होडीवाल्याला कोणी शिकवावयास नको, असा मला विश्वास होता. संचिता वाजवताना पुढेमागे डुलते हे मी पाहिले होते. म्हणून मी तिला म्हटले, "होडयेत उभी रवतंस तशी बस. बोटां रोव. पाय घट्ट धर, मगे आंग हलूचा नाय."

तिने माझे ऐकले. वडील सांगतात ते खरेच असणार असे मानून तिने पायाची बोटे पेडलवर रोवली, पोटऱ्या ताठ केल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ कष्ट केले. आठवड्याने ती जिना उतरताना भिंत धरू लागली.

"बाबा, पोटऱ्यो दगड झाल्यो," ती म्हणाली. "आणि पाय पयल्यापरीस जड पडतत."

सुशांत पुन्हा आला तेव्हा त्याने तिला वाजवावयास न सांगता निराळेच सांगितले. "दोनय पाय वर उचल. हात मांडयेर ठेव. तशीच बसान रव."

संचिताने पाय उचलले आणि ती तत्काळ पुढे घसरली. पडू नये म्हणून तिने ड्रमची कड धरली. मग सुशांतने अंगणातला मासळीचा रिकामा क्रेट आणून उलटा घातला व तिला त्यावर बसविले. त्यावर तिने दोन्ही पाय उचलले, आणि ती स्थिर बसून राहिली. पाय हवेत, पाठ सरळ, अंग जराही हलत नव्हते.

"बघलात, काका? होडयेत पाय आंगाक सांभाळतत. हंय पायांका दुसरा काम आसा. आंग बैठकेनच सांभाळूक व्हया. ह्या स्टूल तिका उंच पडता. बोटां टेकूक ती पुढे सरकता, सगळो भार पायार येता, आणि भार असलेलो पाय नाचणा नाय."

त्याचे म्हणणे मला पटले. जो पाय अंगाचा भार वाहतो त्याला ठोका उचलता येत नाही. होडीतले माझे ज्ञान येथे अगदी उलटे ठरले होते.

"मगे स्टूल खाली करूया," सुशांत म्हणाला.

यशोदा दारातच उभी होती. "तां स्टूल खाली करूचा नाय," ती म्हणाली.

"काकी, मी दुसरा स्टूल हाडतंय. हेका हात लावचो नको."

तेव्हा संचिता म्हणाली, "दुसऱ्या स्टुलार बसान मी फक्त ड्रम वाजवतलंय. माका दादाचा गाणा वाजवचा आसा."

"आणि तेचा बसणा मी मोडूक दिवचंय नाय," यशोदा म्हणाली. "तेचा माप आता खंय रवला, सांगा? कपडे गेले, चपला गेल्यो. तो केवढो होतो, ह्या एकच सांगता."

आई आणि मुलगी, दोघींनाही तो त्याच आसनावर हवा होता. एकीला त्याची जागा जशीच्या तशी हवी होती, दुसरीला त्या जागेवरून त्याचे काम पुरे करावयाचे होते. मी मध्ये उभा होतो व मला कोणाचीही बाजू घेता येईना. सुशांतने खाली पाहत गोव्याच्या वादकाचे नाव काढले. यशोदेने विचारले, "तो स्वरूपाक बघललो?" सुशांत म्हणाला, "नाय."

"करा खाली," शेवटी ती म्हणाली. "पण सरल्यावर होता तसा करून दिवचा. एक बोट इकडे-तिकडे नको."

ते काम मी स्वतःकडे घेतले. खाऱ्या हवेने पेच व दांडी गंजून एकजीव झाली होती. मी रॉकेल सोडले, काचकागदाने गंज घासून काढला, तेल लावले. खूण राहावी म्हणून, दांडी नळीत शिरते त्या ठिकाणी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची घट्ट गाठ मारली. पाण्याची खोली मापताना आम्ही दोरीला अशाच गाठी मारतो व त्या गाठींनी आम्हांला कधी फसवलेले नाही. यशोदेने ती गाठ बोटाने चाचपून पाहिली आणि मान हलविली. मग मी पेच सैल करून आसन खाली घेतले.

संचिताचा सराव त्यानंतर निराळा झाला. प्रथम ती नुसती बसे, पाय उचलून, हात मांडीवर ठेवून. मग मोबाइलमधील टिकटिक अगदी सावकाश लावून केवळ डाव्या पायाने वाजवी. टाच किंचित वर, हालचाल घोट्यातून, मांडी शांत, आणि हातोडी चामड्यावर दाबून न धरता उसळू द्यावयाची. उजव्याने करावयाचे प्रत्येक काम ती आधी डाव्याकडून करवून घेई. भात वाढून ठेवलेला असे आणि टेबलाखाली तिचे पाय चाललेले असत. एके सकाळी होडीला रंग देत असताना मला मागल्या खोलीतून इंजिनाचा तो आवाज ऐकू आला, सलग, न अडखळता. मी ब्रश खाली ठेवला. घरात जाऊन पाहावे असे वाटले, परंतु तिथे कोण बसलेले दिसणार हे मला ठाऊक होते, म्हणून गेलो नाही.

तोंडवलीचा कार्यक्रम मावळतीस झाला. यशोदा व मी वाळूत बसलो होतो. स्वरूपचे गाणे आले. मध्यभागी वाद्ये थांबली, गाणारा थांबला, आणि संचिताचे पाय बोलू लागले. तिची पाठ खांबासारखी सरळ होती. एकही ठोका दुसऱ्यावर पडला नाही. समोरची अनोळखी माणसे टाळ्या वाजवत उभी राहिली. यशोदा उभी राहिली नाही.

"बरा वाजवल्यान," ती म्हणाली. "तेच्यापरीस साफ वाजवल्यान." आणि पदर तोंडात धरून ती रडू लागली. मी तिची समजूत घातली नाही. ती खरे बोलली होती. मलाही तोच फरक ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते आसन पूर्ववत करावयास बसलो. मी पेच सैल केला, दांडी वर ओढली आणि गाठ शोधू लागलो. नळीच्या तोंडाशी गाठ नव्हती. ती पार वर, गादीच्या पोटाशी जाऊन चिकटली होती. मापाची दोरी होडीच्या काठावरून आत घेतली की तिच्यावरची गाठ तिच्याबरोबर येते. ही दांडी अरुंद नळीत शिरली होती, आणि शिरताना नळीने गाठ बाहेरच अडवून, तेलावरून वर सरकवीत नेली होती. गंजाचे वळे राहिले असते तरी उंची सापडली असती. ते मी काचकागदाने पुसून टाकले होते. मोबाइलमधली स्वरूपची सगळी छायाचित्रे आम्ही पाहिली. प्रत्येकात तो ड्रमच्या मागे बसलेला आहे, आणि आसन कुठेही दिसत नाही.

"मी सांगतंय," यशोदा म्हणाली. "माका म्हायत आसा. वर घ्या."

मी वर घेतले. "एवढा?"

"नाय. आणखी."

"आये, एवढा नाय होता गो," संचिता म्हणाली. "थोडा खाली."

"तुका काय म्हायत? तू तेच्या पाठसून बघी होतंस."

मी माझ्या आठवणीतल्या उंचीवर हात धरून दाखविला. दोघींनी माझ्याकडे असे पाहिले की मी हात मागे घेतला. यशोदा म्हणाली, "तुमका तुमच्या झिलाची उंची म्हायत नाय?" मी पुन्हा विचार केला, तेव्हा माझ्या ध्यानी आले की मी माप घेत होतो ते होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसून शाळेचा डबा खाणाऱ्या मुलाचे. तो मोठा झाला तेव्हा मी बहुतकरून समुद्रावर असे.

आसन वर घेतले, खाली घेतले, पुन्हा वर घेतले. अखेर यशोदेने हात आडवा धरून सांगितले, "हंय. हंयच होता." ते फारच उंच होते. मी संचिताला त्यावर बसण्यास सांगितले. ती बसली. पूर्वी तिची बोटे निदान पेडलला टेकत असत. आता दोन्ही पाय अधांतरी लोंबत राहिले. संचिताने आपल्या पायांकडे पाहिले, मीही पाहिले, आणि यशोदेनेही पाहिले.

"बरोबर आसा," यशोदा म्हणाली.

संचिता खाली उतरली. मी खाली वाकून पेच आवळला.