रँक नावाचा कॉलम

स्पर्धा सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला होता आणि पोहण्याच्या क्लबचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बोंबलला. निकालाचं पान उघडलं की नुसती लाल एरर.

बारक्याने ती वाचली आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. कालच त्याने डेटाबेसचं नवं व्हर्जन टाकलं होतं. जुन्यात 'रँक' हा साधा शब्द होता, नव्याने तो स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवला. आता प्रोग्रामने निकालातला त्या नावाचा कॉलम मागितला की डेटाबेसला वाटायचं, कोणीतरी हुकूम सोडतंय. उपाय सोपा. नावाच्या दोन्ही बाजूंना बॅकटिकचं, म्हणजे तिरक्या टिंबासारखं चिन्ह टाकायचं, बास.

पण त्याने हात बाजूला घेतला.

तो कॉलम दादाचा होता. अख्खा प्रोग्रामच दादाचा. बाबा कोच, थोरल्यानेही पोरांना पोहायला शिकवावं हा त्यांचा हट्ट. दादा भांडून दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं. बारक्याला रोज फोन करावासा वाटायचा, पण करून बोलणार काय? आज निमित्त होतं.

"झालं का रे?" बाबा दारात आले. "पोरांचे आईबाप डोकं खातायत माझं."

"दादाला विचारावं लागेल."

"मग दिवसभर त्या डबड्यासमोर बसून काय अंडी उबवतोस?"

"नाही येत मला."

"विचार मग," बाबा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

बारक्याने फोन लावला. "बोल बारक्या." दादाचा आवाज तसाच, सर्दी झाल्यासारखा. बारक्याने एरर वाचून दाखवली.

दादा हसला. "गाढवा, मीच शिकवलंय की तुला हे! 'ग्रुप' नावाचा कॉलम करून रडत बसला होतास."

"हां."

"म्हणजे येत होतं तुला."

"हो."

"मग फोन कशाला केलास?"

"करमत नाही रे."

दादाने हळूच विचारलं, "म्हातारा आहे का तिथे?"

बारक्याने फोन बाबांपुढे धरला. त्यांनी ओला हात पँटला पुसला आणि फोन कानाला लावला. बाहेर कोणीतरी पाण्यात धपकन उडी मारली.

"तुझं ते मशीन बंद पडलंय," शेवटी बाबा म्हणाले. "कसं चालू करायचं ते मला सांग. सावकाश सांग, मला त्यातलं काही कळत नाही."

बारक्या खुर्चीतून उठला आणि बाबांना बसायला जागा दिली.