तीन वाजता उडणारा ठिपका

तीन वाजत आले की मावशीचं घर माणसांनी भरायचं. सगळ्यांचे डोळे तिच्या मोबाइलवरच्या नकाशाकडे. ताई, म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, अपघातात जाऊन दोन महिने झाले होते. तिचा फोन याच घरातल्या तिच्या खोलीच्या खिडकीत चार्जिंगला. पण नकाशावरचा त्याचा ठिपका रोज तीनला उडायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, ती नोकरीसाठी राहायची त्या भाड्याच्या खोलीवर जाऊन बसायचा.

"सूक्ष्म देहाला तिकीट लागत नाही," मावशीने घरी बोलावलेले एक बाबा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. आईने एकवीस दिवस औषध सोडलं तर मुलगी बोलेल, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मावशीच्या हृदयाच्या गोळ्या नऊ दिवस पाकिटातच होत्या. चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची.

मी पोटासाठी हेच काम करतो, फोनला जागा ओळखायला शिकवतो. उघड्यावर उपग्रह जागा सांगतात. छताखाली ते तोकडे पडतात, म्हणून जवळच्या वायफायच्या डब्यावरून, म्हणजे राउटरवरून, अंदाज करायचा. कुठला डबा कुठे, याची यादी असते. ओळखीचा डबा दिसला की उपग्रहाचं ऐकायचं नाही, हा नियम माझ्याच हातचा. डबाच घर बदलेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, तीनला तू काय करतेस?"

"तिच्या टेबलावरचा दिवा लावून येते. तासाभराने बंद करते."

दिव्याच्याच बोर्डाला ताईच्या भाड्याच्या खोलीवरून आणलेला डबा जोडलेला होता. बटण एकच. आणि यादीत त्या डब्याचा पत्ता अजून भाड्याच्या खोलीचाच होता.

"तिथे होतं तसंच लावलं रे सगळं," मावशी म्हणाली.

मी सगळ्यांदेखत डब्याची पिन काढली. मिनिटभरात ठिपका घरी आला. पुन्हा लावली, गेला.

"संशयी माणसापुढे आत्मा बावरतो," बाबा म्हणाले.

"आणि पिन लावली की सावरतो होय?" शेजारचे काका म्हणाले. बाबा चपला शोधू लागले.

घर रिकामं झालं. मावशी म्हणाली, "म्हणजे ती कुठेच जात नव्हती?"

"नाही."

ती आवाज न करता रडली. तिची मुलगी मी दुसऱ्यांदा नेली होती, आणि मला ते सोसत नव्हतं. मी गोळी पुढे केली. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग घेतली.

चमत्कार दिसला की कारण शोधा. ते सापडल्यावर रडू आलं तर रडा. पण रडायला आधी माणूस जिवंत राहू द्या.