कोरा वाचक

सकाळपासून वहिनींचे पाय जमिनीला लागत नव्हते. आज त्यांनी लिहिलेल्या माहितीच्या पानाची परीक्षा होती. पान पास झालं, तर संध्याकाळी सहा वाजता धाकट्याचं उपकरण सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत बसून जगभर जाणार होतं. नापास झालं, तर थेट पुढची आवृत्ती, म्हणजे आणखी सहा महिने. आणि ते उपकरण आधीच दोनदा दारातून परत आलं होतं.

धाकटा म्हणजे त्यांचा दीर. डोक्याने तल्लख, कामाला लागला की तहानभूक विसरणारा, पण चार ओळी लिही म्हटलं की त्याला घाम फुटायचा. पहिल्या वेळी त्याने माहितीच्या पानावर एवढंच लिहिलं होतं: ‘जोडा आणि वापरा.’ दुसऱ्या वेळी कोणीतरी टोचलं, तर पठ्ठ्याने चाळीस पानं लिहून काढली आणि त्यात उपकरण जोडायचं कसं, तेवढंच सांगायचं राहिलं. आवृत्तीचं काम पाहणाऱ्या मोठ्या बाईंनी दोन्ही वेळा एकच शेरा मारला: पान नाही, तर उपकरण नाही. मग धाकट्याने घरी येऊन वहिनींपुढे हात जोडले. वहिनी तेव्हा मिक्सर, इस्त्र्या आणि वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहायच्या, आणि त्यांची माहितीपत्रकं लोक खरोखर वाचायचे. त्या धंद्यात याहून मोठा चमत्कार नाही.

“वहिनी, इस्त्री समजावता तसं हे समजावा,” तो म्हणाला होता.

“अरे, इस्त्री निदान दिसते तरी!”

तेव्हापासून त्या रोज त्याच्याबरोबर कार्यालयात येत होत्या. धाकटा ‘वहिनी, वहिनी’ करत त्यांच्या मागे फिरायचा, त्यामुळे आठवड्याभरात त्या सगळ्या मजल्याच्या वहिनी झाल्या. वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या बाईसुद्धा त्यांना वहिनीच म्हणू लागल्या.

घरी जेवताना तर गेली दोन वर्षं दुसरा विषयच नव्हता. त्यातलं एक जेवण वहिनींना लख्ख आठवत होतं, कारण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला होता.

“हे बघा,” धाकटा हातवारे करत सांगत होता, “एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालतो. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्याला बंद केलं की त्याची मेमरी कोरी होते. मी त्याला अशी मेमरी देतो, जी पुसलीच जात नाही!”

“आणि ती असते कुठे?”

“यजमानाच्या डिस्कवरची साधी फाइल! पाहुण्याला मात्र ती मेमरीच दिसते. पण खरी गंमत पुढे आहे. आपण पाहुणे आहोत हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो स्वतःच यजमानाला हाक मारतो, ‘माझं लिहून झालं, आता पक्कं करा.’ यजमान फाइल पक्की करतो आणि ‘झालं’ म्हणतो.”

वहिनींचा घास हातातच राहिला. “म्हणजे यात फसवाफसवी नाहीच! दोघांनी मिळून, सांगून-सवरून चालवलेला कारभार आहे!”

“हेच! वहिनी, अगदी हेच लिहा!” धाकटा खुर्चीवरून उठलाच.

“मीठ द्या,” वहिनींचा नवरा म्हणाला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना भिंतीवरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावून तो इतका कंटाळून यायचा, की जेवताना कानावर येईल ते एका कानाने ऐकायचा आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायचा. दोन वर्षांत या विषयावर त्याचं मत मिठाच्या पलीकडे गेलं नव्हतं.

या कार्यालयात पानाची परीक्षा घेण्याची एक खास रीत होती. त्या उपकरणातलं ज्याला ओ की ठो कळत नाही, असा एक कोरा वाचक धरून आणायचा आणि त्याला पानासमोर बसवायचं. पानावर जे लिहिलंय तेच त्याने करायचं. लिहिणाऱ्याने आणि बनवणाऱ्याने त्याच्या समोर, संगणकाच्या पडद्याच्या मागच्या बाजूला उभं राहायचं. पडदा दिसणार नाही, दिसेल तो फक्त वाचकाचा चेहरा. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ही रीत बाईंनी पाडली होती. ‘पान घेऊन तुम्ही जगभर हिंडणार आहात का समजवायला?’ असं त्या विचारायच्या.

आजचा कोरा वाचक होता रंगारी. पडद्यावरची बटणं आणि चित्रं काढणारा हा माणूस खालच्या मजल्यावर बसायचा, आणि आपल्या बटणांपलीकडे जगात काही चाललंय याची त्याला फिकीर नसायची. जेवण करून तो आला, बाह्या सरसावून बसला आणि वाचू लागला.

वहिनी त्याच्या चेहऱ्यावर नजर खिळवून उभ्या राहिल्या. पण काय सांगावं, रंगारी लोण्यातून सुरी जावी तसा पानातून चालला होता! एकच आज्ञा टाइप करायची होती, ती त्याने केली. आतला संगणक उभा राहिला, नवी मेमरी दिसली. त्याने तिच्यात ‘चहा हवा’ असं लिहिलं, ते पक्कं करून घेतलं, पानावर म्हटल्याप्रमाणे रीस्टार्ट केलं आणि हसून मान वर केली.

“आहे की! ‘चहा हवा’ जसंच्या तसं!”

धाकट्याने वहिनींचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या आल्या. बाईंनी सही करायला पेन काढलं.

“थांबा, चहा खरंच हवाय,” रंगारी म्हणाला आणि उठला. उठताना त्याने त्याच्या सवयीने सगळं बंद केलं. एकदा त्याची खुर्ची रिकामी बघून कोणीतरी त्याच्या पडद्यावर भलतंसलतं काढून ठेवलं होतं. तेव्हापासून तो दोन पावलं जायचं तरी सगळं साफ बंद करून जायचा.

चहा घेऊन आला, बाईंना दाखवायला म्हणून त्याने तीच आज्ञा पुन्हा दिली आणि मेमरी उघडली. त्याचा कप ओठांपाशीच थांबला.

“नाहीये.”

“काय नाहीये?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाहीये. कोरं आहे.”

पुसली न जाणारी मेमरी म्हणून तीन महिने जिचे गोडवे गायले, ती एका चहात पुसली गेली होती! धाकटा पडद्यामागून धावत पुढे आला. त्याने पान वाचलं, पुन्हा वाचलं, मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

“वहिनी, यातलं ‘शेअर’ कुठे गेलं?”

वहिनींना लगेच आठवलं, आणि आठवताच कानांच्या पाळ्या गरम झाल्या. “मी काढलं. ओळ मोडत होती रे. एवढी सुंदर आज्ञा, आणि शेवटी लटकलेला एकच शब्द. मी काढून पाहिलं, तरी चाललं. खरंच चाललं! रीस्टार्ट करून पाहिलं मी.”

इस्त्रीच्या माहितीपत्रकात जागा इंचाइंचाने वाचवावी लागते. तिथे वहिनींची कात्री नावाजलेली होती, आणि तीच कात्री इथे आडवी आली होती.

“रीस्टार्ट म्हणजे पाहुणा घरातच डुलकी काढून उठला,” धाकटा कपाळावर हात मारत म्हणाला. “तो शब्द नसला, की यजमान त्याला फाइल देतच नाही. फाइलची कच्ची नक्कल देतो. डुलकी काढून उठला तेव्हा कच्चा कागद टेबलावरच होता. पण रंगाऱ्याने सगळं बंद केलं, पाहुणा घर सोडून गेला, आणि यजमानाने कच्चा कागद टाकून दिला.”

“पण मग ‘पक्कं करा’ म्हटल्यावर यजमान काय करत होता इतका वेळ?” वहिनींनी विचारलं.

“इमानदारीत फाइल पक्की करत होता. कोरीच्या कोरी!”

रंगारी फिसकन हसला, बाईंनी त्याच्याकडे पाहताच गप्प झाला. धाकटा मात्र हिरमुसून टेबलाच्या कडेवर बसला. “मीसुद्धा दहादा वाचलं हे पान, वहिनी. तो शब्द माझ्या डोळ्यांत इतका बसलाय, की नसला तरी मला दिसायचा.”

त्याचं तोंड पाहून वहिनींना स्वतःचा असा काही राग आला, की त्या रागानेच त्यांच्या अंगात चेव चढला. खुर्ची ओढून त्या बसल्या. ‘शेअर’ परत जागेवर गेला. ओळ मोडली, मोडू दे! खाली ठळक अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘हा शब्द गाळू नका. गाळलात, तर रीस्टार्टनंतर सगळं ठीक दिसेल आणि बंद केल्यावर सगळं जाईल.’ आणि शेवटी नवी पायरी घातली: सगळं पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा, आणि मगच विश्वास ठेवा. लिहिता लिहिता त्यांना हुरूप येत गेला. इतकं खरं वाक्य त्यांनी कोणत्याच इस्त्रीबद्दल लिहिलं नव्हतं.

“पान छान झालंय,” बाई म्हणाल्या, “पण परीक्षा पुन्हा. आणि रंगारी आता उष्टा झाला. नवा कोरा वाचक आणा. सहाच्या आत.”

आणि इथेच गाडी अडली. अख्ख्या मजल्यावर कोरा माणूसच उरला नव्हता! जो समोर येईल त्याला धाकट्याने दोन वर्षं पाहुणा-यजमान ऐकवलं होतं. लिफ्टवाल्याला ऐकवलं होतं, झाडांना पाणी घालायला येणाऱ्या बाईला ऐकवलं होतं. खालच्या मजल्यावर आता रंगाऱ्याने चहाबरोबर बातमी पसरवली होती. साडेपाच वाजून गेले. धाकट्याने निमूटपणे पिशवी भरायला घेतली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “झालं का गं तुमचं? आज दुकान लवकर बंद केलं. म्हटलं, तुम्हाला घेऊनच जावं.”

वहिनींनी वळून पाहिलं. दारात नवरा उभा होता, किल्ली बोटावर फिरवत. वहिनी आणि धाकटा यांची नजरानजर झाली.

“हे चालणार नाहीत,” रंगारी म्हणाला. “घरातला माणूस. दोन वर्षं जेवताना हेच ऐकत असणार.”

“ऐकत असणार!” वहिनी म्हणाल्या. “बाई, तुम्हीच विचारा त्यांना.”

बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “पाहुणा आणि यजमान, काय भानगड आहे, सांगता का?”

नवऱ्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. “आपल्याकडे कोणी येणार आहे का?”

सगळा मजला हसून लोटपोट झाला. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. “इतका कोरा माणूस मी आजवर पाहिला नाही. बसा!”

नवरा बसला. आधी त्याने चष्मा पुसला, सावकाश, गिऱ्हाइकाचा पुसावा तसा. दुकानात बिलं आणि भिंगांचे नंबर टाइप करायची सवय होती, त्यामुळे दोन बोटं बरी चालत होती. वाचताना त्याचे ओठ हलत होते. दिवसभर तो दुसऱ्यांना वाचायला लावायचा, आज वहिनी त्याचं वाचणं पाहत होत्या. आपलंच वाक्य नवऱ्याच्या ओठांवर बिनआवाजी हलताना पाहून त्यांना भलतंच काहीतरी वाटलं. लाजल्यासारखं, आणि आनंदाने रडू यावं तसंही.

एका जागी तो अडला. भुवया जुळल्या. धाकट्याने तोंड उघडलं, तोच वहिनींनी त्याच्या पायावर पाय दिला. नवऱ्याने मान खाली केली, पुन्हा वर केली, परत मागे गेला. ठळक अक्षरांतली सूचना वाचून तो आज्ञा पडताळून पाहत होता! मग समाधानाने ‘हं’ म्हणून त्याने बोट दाबलं.

पुढे पानावर म्हटलं होतं: मनातलं एक वाक्य लिहा. तो थांबला, धाकट्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, गालात हसला आणि बराच वेळ टकटक करत राहिला. पक्कं केलं. मग सगळं बंद केलं, अगदी पूर्ण. पुन्हा उघडलं.

त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. गेलं? पुन्हा गेलं? नवऱ्याने चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून बसला.

बाई फेरी मारून त्याच्या मागे गेल्या, वाकल्या, वाचलं, आणि कडक तोंडाच्या त्या बाईंनी पेन काढून उभ्या उभ्याच सही ठोकली. मग म्हणाल्या, “या, तुम्ही दोघं या इकडे. तुमचंच आहे.”

पडद्यावर लिहिलेलं होतं: ‘मीठ द्या, आणि पहिल्यापासून परत सांगा. आता ऐकतो.’

वहिनींनी ते दोनदा वाचलं. धाकट्याने डोळे पुसायचीही उसंत न घेता दादाच्या शेजारी खुर्ची ओढली. “दादा, हे बघ, एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालतो...”

आणि त्याच्या दादाने किल्ली टेबलावर ठेवली, आणि कान देऊन बसला.